शाळेतला संगणक, घरातला प्रिंटर



गेल्या सहामाही परीक्षेच्या आधीची गोष्ट. आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई अजूनही पाचवी ते दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिका टंकून देतात. बाई टिळकवाडीत राहतात, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे बेळगावच्या पावसात त्यांना शाळेपर्यंत येणे जमत नाही. म्हणून मी त्यांच्या घरच्या संगणकावरून शाळेच्या ऑफिसातला संगणक चालवता येईल अशी सोय करून दिली. घरचा संगणक लिनक्सवर चालतो, ऑफिसातला विंडोजवर. पहिल्याच दिवशी बाईंनी आठवीची प्रश्नपत्रिका तयार केली, 'प्रिंट'वर टिचकी मारली आणि शेजारच्या टेबलावरच्या प्रिंटरकडे बघत बसल्या. कागद येईना. पुन्हा टिचकी. तरी नाही. म्हणून तिसऱ्यांदा.

इकडे शाळेत दुपारचे चार वाजले होते. बोनाफाइड दाखल्यासाठी आठवीची दोन मुले ऑफिसच्या खिडकीशी उभी होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ऑफिसच्या प्रिंटरमधून आठवीची मराठीची प्रश्नपत्रिका बाहेर पडू लागली. एक नाही, तीन प्रती. शिपाईमामांनी चटकन कागद पालथे घातले. मुलांनी काय वाचले आणि काय नाही हे कोण सांगणार? बाईंनी एका शब्दानेही न बोलता रात्री बसून दुसरी प्रश्नपत्रिका काढली. चूक त्यांची नव्हती, माझी होती. जोडणी करून देताना मी पडदा नीट दिसतो का, मराठी कळफलक चालतो का, हे सगळे पाहिले. पण छापलेला कागद कुठे बाहेर पडेल हे पाहिलेच नाही.

त्यानंतर दोन रविवार खर्च करून ती सोय नीट लावली. हल्ली पुष्कळ पालक आणि माजी विद्यार्थी घरी लिनक्स वापरतात, आणि दूरच्या संगणकावर काम करून घरी छापण्याची अडचण मला बरेच जण विचारतात. म्हणून हा लेख. लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टंकायच्या.

आधी हे विंडोजचे लोढणे हवेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. कारण आहे आपल्या जुन्या फाँटांचे. शाळेचे पंचवीस वर्षांचे साहित्य, म्हणजे प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, जुन्या वार्तापत्रांचे अंक, हे युनिकोडच्या आधीच्या काळातल्या मराठी पॅकेजमध्ये आहे. त्या काळात श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम अशी पॅकेजे सगळीकडे होती. त्यांत 'क'च्या जागी संगणकाच्या पोटात रोमन लिपीतले एखादे चिन्हच साठवलेले असते, आणि त्यावर फाँट देवनागरीचा अंगरखा चढवतो. फाँट नसला की अंगरखा उतरतो आणि उरतात ती अगम्य रोमन अक्षरे. बाईंचा हात याच जुन्या पॅकेजच्या कळफलकावर बसलेला आहे आणि ते पॅकेज फक्त विंडोजवर चालते. नव्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये करायला आम्ही सुरुवात केली आहे, पण जुन्यांतला एखादा उतारा किंवा व्याकरणाचा प्रश्न उचलायचा तर ते कपाट उघडावेच लागते.

आता मुद्द्यावर येऊ. दूरस्थ छपाईत तीन गोष्टी तीन ठिकाणी असू शकतात: कार्यक्रम चालतो तो संगणक, माणूस बसतो तो संगणक, आणि प्रिंटर. बाईंच्या समोर दिसणारा पडदा टिळकवाडीत आहे, पण त्यातले मराठी पॅकेज शाळेत चालते आहे. त्या 'प्रिंट' म्हणतात तेव्हा ते ऐकणारा संगणक शाळेतला. त्याला जवळचा प्रिंटर कोणता माहीत? ऑफिसातला. बाईंच्या टेबलावर दुसरा प्रिंटर आहे हे त्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय कळणार नाही. हे सांगण्याच्या क्रियेला इंग्रजी पुस्तकांत वेगळे नाव आहे. आपण त्याला प्रिंटर 'सोबत नेणे' म्हणू. जोडणी करताना घरचा प्रिंटर सोबत नेला तर शाळेच्या संगणकावर, त्याच्याच प्रिंटरांच्या यादीत, घरच्या प्रिंटरची एक सावली दिसते. त्या सावलीवर छापले की छपाईचा मजकूर आला त्याच वाटेने उलटा घरी येतो.

विंडोजच्या या दूरस्थ जोडणीला आरडीपी म्हणतात. १९९८ साली विंडोज एनटी ४ च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर ती आली, आणि घरचा प्रिंटर सोबत नेण्याची सोय विंडोज २००० पासून मिळाली. एकाच जोडणीत बऱ्याच छोट्या वाहिन्या असतात: एकीतून पडद्याचे चित्र येते, एकीतून आवाज, एकीतून कॉपी-पेस्ट, आणि एकीतून छपाई. छपाईची वाहिनी उघडायची की नाही हे जोडणी करणारा ठरवतो. मी ती उघडलीच नव्हती.

पहिले काम घरी

घरचा लिनक्स संगणक घरच्या प्रिंटरवर नीट छापतो का, हे आधी पाहावे. हे सांगायला नको असे वाटते, पण मला फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांची अडचण इथेच असते. शाळेशी झालेली जोडणी निर्दोष, आणि घरचा प्रिंटर मात्र घरच्याच संगणकाला ओळखत नाही.

लिनक्सवर छपाईचा सगळा कारभार 'कप्स' नावाचा कार्यक्रम पाहतो. तो १९९९ मध्ये लोकांपुढे आला, ॲपलने २००२ साली आपल्या मॅक संगणकांत घेतला आणि २००७ मध्ये त्याचे हक्कच विकत घेतले. २०२० पासून लिनक्ससाठी त्याचा सांभाळ ओपनप्रिंटिंग हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा गट करतो. तुमच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट कोलन ६३१' टाका, कप्सचे पान उघडेल. ६३१ हा छपाईच्या दाराचा क्रमांक आहे. 'प्रिंटर्स' या सदरात आपला प्रिंटर दिसतो का ते पाहा, त्याच्या नावावर टिचकी मारा आणि देखभालीच्या यादीतून चाचणीचे पान छापा. कागद आला तर पुढे चला. यादीत नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता दिलेले असावे. 'लेझर' इतके साधे नाव पुरे. हे नाव पुढे लागणार आहे.

प्रिंटरच्या जातींबद्दल दोन शब्द. गेल्या दहा-बारा वर्षांतले जाळ्यावर चालणारे प्रिंटर बहुतेक विनाड्रायव्हर चालतात. ते स्वतःच संगणकाला आपली माहिती देतात आणि कप्स त्यांना उचलून घेतो. जुन्या यूएसबी लेझरचे तसे नाही. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून वकिलांच्या टेबलापर्यंत दिसणारा एचपीचा लेझरजेट १०२० घ्या. या प्रिंटरच्या पोटात त्याचे स्वतःचे फर्मवेअर कायम राहत नाही. दर वेळी चालू केला की संगणकाने ते त्याला पाठवावे लागते. लिनक्सवर त्यासाठी एचपीलिप हे पॅकेज घालून 'एचपी-प्लगिन' ही आज्ञा एकदा चालवावी लागते. कॅननचा एलबीपी २९०० 'कॅप्ट' नावाची आपलीच भाषा बोलतो, आणि त्याला लिनक्सवर बसवणे म्हणजे एका सुट्टीचे काम समजा. नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर विनाड्रायव्हर चालणारा घ्या, एवढेच सांगेन.

जोडणीचा कार्यक्रम

लिनक्सवरून विंडोजकडे जाण्यासाठी पूर्वी आरडेस्कटॉप हा कार्यक्रम असे. २०१९ नंतर त्याची नवी आवृत्ती निघाली नाही, त्यामुळे आता त्याच्या वाटेला जाऊ नये. आज चालतो तो फ्रीआरडीपी, आणि त्याच्यावरच उभा असलेला, खिडक्या-बटणांचा रेमिना. बाईंसाठी मी रेमिना लावला. त्यात जोडणीची माहिती भरताना पहिल्या पानावर शाळेच्या संगणकाचा पत्ता, खात्याचे नाव व पासवर्ड असतो. प्रगत सेटिंगच्या पानावर गेले की प्रिंटर सोबत नेण्याची एक चौकट दिसते. ती मुळात रिकामी असते. तिच्यावर खूण करून जपून ठेवा. माझी सगळी चूक या एका चौकटीएवढी होती.

टर्मिनलची सवय असणाऱ्यांनी फ्रीआरडीपी थेट वापरावा. 'एक्सफ्रीआरडीपी' टंकावे (नव्या डेबियन व उबुंटूत त्याच्या शेवटी ३ हा आकडा जोडावा लागतो), मग जागा सोडून 'स्लॅश व्ही कोलन' व त्याला चिकटून संगणकाचा पत्ता, मग 'स्लॅश यू कोलन' व खात्याचे नाव, आणि शेवटी 'स्लॅश प्रिंटर कोलन' व कप्समध्ये दिलेले प्रिंटरचे नाव. नाव न देता नुसते 'स्लॅश प्रिंटर' म्हटले तर घरचे सगळे प्रिंटर सोबत जातात. तसे करू नये. यादी लांबली की माणूस चुकीच्या नावावर टिचकी मारतो.

आता खरी मेख. शाळेच्या विंडोजला घरच्या प्रिंटरची सावली उभी करायची तर त्या जातीचा ड्रायव्हर त्याच्याकडे हवा. बाईंचा प्रिंटर कोणता, त्याचा ड्रायव्हर शाळेत कोण बसवणार? फ्रीआरडीपी इथे एक युक्ती करतो. तो शाळेच्या विंडोजला प्रिंटरचे खरे नाव-गाव सांगतच नाही. आपण वेगळे काही सांगितले नसेल तर तो म्हणतो, 'माझ्याकडे एमएस पब्लिशर इमेजसेटर आहे.' हा विंडोजबरोबर येणारा एक सामान्य पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर आहे. पोस्टस्क्रिप्ट ही ॲडोबीने १९८४ मध्ये आणलेली पानाचे वर्णन करण्याची भाषा. विंडोज त्या भाषेत पान लिहून पाठवतो, घरचा कप्स ते वाचतो आणि आपल्या खऱ्या प्रिंटरला समजेल अशा भाषेत उतरवून देतो. शाळेला घरच्या प्रिंटरची जात कळण्याची गरजच उरत नाही.

यात आपल्या मराठीचा एक मोठा फायदा लपलेला आहे. पोस्टस्क्रिप्टमध्ये पान पाठवताना विंडोज त्या पानात वापरलेले मराठी फाँटही सोबत बांधून देतो. म्हणून बाईंच्या घरच्या लिनक्सवर ते जुने मराठी पॅकेज नाही, तो फाँट नाही, तरी कागदावर जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या जशाच्या तशा उमटतात. तीच फाइल उचलून घरच्या संगणकावर उघडली असती तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसला असता. पहिली नीट प्रत हाती आली तेव्हा बाईंनी चष्मा पुसून 'र्‍या' आणि 'ऱ्ह' आधी तपासले. मीही तेच पाहत होतो.

शाळेच्या बाजूला काय पाहायचे

ज्या विंडोजवर जायचे तो प्रोफेशनल आवृत्तीचा लागतो. होम आवृत्ती बाहेरून कोणाला आत घेत नाही. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्यामुळे दूरस्थ कामासाठी तरी जुन्या यंत्रावर विसंबू नये. बाईंसाठी स्वतंत्र खाते काढले, त्याला दूरस्थ वापरकर्त्यांच्या गटात घातले, आणि प्रशासकाचे अधिकार मुद्दाम दिले नाहीत.

अधिकार नसल्याचा एक परिणाम असा की लागणारा ड्रायव्हर बाईंच्या खात्यातून आपोआप बसत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या छपाईत 'प्रिंटनाइटमेअर' नावाचे मोठे भगदाड सापडले होते. त्याच्या दुरुस्तीनंतर ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला प्रशासकच लागतो. म्हणून तो पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर मी प्रशासकाच्या खात्यातून आधीच बसवून घेतला. प्रिंटर जोडण्याच्या खिडकीत 'जेनेरिक' या कंपनीच्या नावाखाली तो असतो. यादीत दिसत नसेल तर तिथल्याच विंडोज अपडेटच्या बटणाने यादी वाढवावी. त्याच वर्षी घाबरून अनेक ऑफिसांनी विंडोजची 'प्रिंट स्पूलर' ही सेवाच बंद करून ठेवली होती. कोणी पुन्हा चालू केली नसेल तर सावलीही दिसणार नाही आणि कारणही कळणार नाही. तीही पाहून घ्या.

सगळे जमले की विंडोजच्या प्रिंटरांच्या यादीत घरच्या प्रिंटरचे नाव दिसते, आणि त्यापुढे कंसात, तो दुसरीकडून आलेला आहे अशा अर्थाचा इंग्रजी शब्द व एक आकडा. नाव आलेच नाही तर विंडोजची घटनांची नोंदवही उघडा. तिथे ११११ क्रमांकाची नोंद सापडली तर समजा की हवा तो ड्रायव्हर विंडोजला मिळालेला नाही. नोंद नसेल आणि नावही नसेल तर घरच्या बाजूची चौकट राहिली, किंवा विंडोजच्या धोरणांत बाहेरचे प्रिंटर आत आणायला बंदी आहे.

एवढे करूनही मला भीती होती ती जुन्याच प्रकाराची. घाईत, किंवा जोडणी मधेच तुटून पुन्हा लागल्यावर, निवड ऑफिसच्या प्रिंटरवर गेली तर? बाईंना 'दर वेळी नाव बघत जा' असे सांगणे म्हणजे आपली जबाबदारी त्यांच्या डोळ्यांवर टाकणे झाले. त्यापेक्षा ऑफिसच्या प्रिंटरच्या सुरक्षा-सेटिंगमध्ये बाईंच्या खात्याला छपाईची मनाई करून टाकली. आता चुकून टिचकी पडलीच तर विंडोज नकार देतो, कागद बाहेर पडत नाही. हे पहिल्या दिवशी सुचायला हवे होते.

कागद येतो, पण

पहिल्या आठवड्यात प्रत्येक पानाची शेवटची ओळ कापली जात होती. दोष कागदाच्या मापाचा. आपण ए४ वापरतो, २१० गुणिले २९७ मिलिमीटर. या ड्रायव्हरने अमेरिकेतले 'लेटर' माप धरले होते. ते रुंदीला जवळजवळ सहा मिलिमीटर जास्त आणि उंचीला साडेसतरा मिलिमीटर कमी. विंडोजमधल्या सावलीच्या पसंतीत आणि घरच्या कप्समध्येही, अशा दोन्ही ठिकाणी ए४ करावे. एकाच ठिकाणी केले तर एक बाजू दुसरीला पटवत बसते आणि मजकूर आकसतो.

दुसरी तक्रार वेगाची. चित्रांची किंवा नकाशांची पाने यायला फार वेळ लागतो, तर घरचे इंटरनेट बदलू का, असे एका पालकांनी विचारले. उपयोग नाही. छपाईचा मजकूर शाळेकडून घराकडे जातो, म्हणजे मोजायचा तो शाळेचा पाठवण्याचा वेग. घरी कितीही जाड नळ बसवला तरी टाकीतूनच बारीक धार येत असेल तर काय होणार! भूगोलाच्या नकाशांच्या पानांसाठी चित्रे आधी लहान करून घ्यावीत.

आणि काहीच जमेना, परीक्षा उद्यावर आली, तर प्रिंटरचा नाद सोडून पीडीएफ करावा. जोडणी करताना प्रिंटरऐवजी घरचे एखादे फोल्डर सोबत नेता येते. रेमिनात पहिल्याच पानावर ती चौकट आहे. विंडोजमध्ये २०१५ पासून पीडीएफ छापण्याची सोय अंगचीच आहे. शाळेच्या यंत्रावर पीडीएफ 'छापायचा', तो त्या सोबत नेलेल्या फोल्डरात ठेवायचा, आणि घरी उघडून घरच्या प्रिंटरवर काढायचा. एक पायरी जास्त, पण ही वाट सहसा दगा देत नाही. फाँट इथेही पोटात बांधलेले येतात. खरे सांगायचे तर मी स्वतः बरेचदा असेच करतो. बाईंना मात्र 'आधी जतन करा, मग उघडा, मग छापा' यापेक्षा सरळ कागद हवा होता, आणि त्यांचे म्हणणे मला पटते.

वाट आणि कुलूप

आता थोडे सुरक्षिततेचे. आरडीपीच्या दाराचा क्रमांक ३३८९. काही ठिकाणी हे दार राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडून ठेवतात. कधीही तसे करू नका. २०१९ च्या मे महिन्यात 'ब्लूकीप' नावाची त्रुटी उघड झाली. जुन्या विंडोजमध्ये या दारातून पासवर्डाशिवायच आत शिरता येत होते. पासवर्ड ओळखून पाहणारे कार्यक्रम तर या दारावर रात्रंदिवस टकटक करीतच असतात. शाळा आणि बाईंचे घर यांच्यामध्ये आम्ही वायरगार्डचा खाजगी बोगदा घातला आहे. २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आलेला आहे. हल्लीच्या घरगुती इंटरनेटला स्वतःचा सार्वजनिक पत्ता बहुधा नसतो. तिथे वायरगार्डवरच उभी असलेली टेलस्केलसारखी सोय बरी पडते. कप्सच्या बाबतीतही तेच. २०२४ च्या सप्टेंबरात 'कप्स-ब्राउझ्ड' या त्याच्या सोबत्यात गंभीर त्रुटी निघाल्या. ६३१ चे दार घराबाहेर उघडे ठेवू नका आणि संगणक अद्ययावत ठेवा.

प्रश्नपत्रिकेपुरती आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांच्या लक्षात येते. कागद निघाला म्हणजे मजकूर संगणकातून गेला असे नाही. कप्स प्रत्येक छपाईची प्रत मुळात एक दिवस, म्हणजे ८६४०० सेकंद, आपल्या कोठीत ठेवतो आणि त्या वेळात ती पुन्हा छापता येते. बाईंचा नातू त्याच संगणकावर बसतो आणि तो आपल्याच शाळेत आठवीत आहे, हे कळल्यावर मी ताबडतोब कप्सच्या सेटिंगची फाइल उघडली. त्यात 'प्रिझर्व्हजॉबफाइल्स' या शब्दापुढे 'नो' लिहून कप्स पुन्हा सुरू केला की प्रती ठेवणे थांबते. पोरगा सरळ आहे, त्याच्यावर संशय नाही. पण उद्या त्याला मराठीत चांगले गुण पडले तर त्याच्याकडे कोणी बोट दाखवू नये, एवढ्यासाठी.

याच कारणाने बाई शाळा सुटल्यावर, सायंकाळी सहानंतर काम करतात. बाहेरून जोडणी झाली की ऑफिसातल्या विंडोजच्या पडद्यावर कुलूप दिसते, त्यामुळे त्या काय लिहीत आहेत ते शाळेत कोणाला दिसत नाही. आणि त्या वेळी क्लार्कसाहेबांनाही ते यंत्र वापरता येत नाही, कारण साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. दुपारी दोघांनी एकमेकांना बाहेर ढकलत बसण्यापेक्षा हे बरे.

दोन्हीकडे लिनक्स असेल तर

आपल्या संगणक-कक्षातले बारा संगणक लिनक्सवर आहेत, आणि काही माजी विद्यार्थी त्यांच्याशीही बाहेरून जोडून घेतात. लिनक्सवर विंडोजसारखीच दूरस्थ जोडणी देणारा एक्सआरडीपी हा कार्यक्रम तिथे आहे. तो २००४ सुमारास सुरू झाला आणि आता चांगला चालतो, पण घरचा प्रिंटर सोबत नेण्याची सोय त्यात नाही. सोबत नेलेले फोल्डर मात्र दिसते, म्हणजे वर सांगितलेली पीडीएफची वाट मोकळी आहे.

थेट कागदच हवा असेल तर एसएसएचचा उलटा बोगदा वापरावा. घरच्या टर्मिनलमध्ये 'एसएसएच', मग 'वजा मोठा आर', मग '६६३१ कोलन लोकलहोस्ट कोलन ६३१', आणि शेवटी शाळेतल्या खात्याचे नाव व पत्ता. याचा अर्थ असा की शाळेच्या संगणकावरच्या ६६३१ या दारावर जे येईल ते घरच्या ६३१ वर, म्हणजे घरच्या कप्सकडे, पोचवावे. मग शाळेच्या संगणकाच्या कप्समध्ये एक प्रिंटर घालायचा. त्याचा पत्ता 'आयपीपी कोलन स्लॅश स्लॅश लोकलहोस्ट कोलन ६६३१ स्लॅश प्रिंटर्स स्लॅश' आणि पुढे घरच्या प्रिंटरचे नाव, आणि ड्रायव्हरच्या जागी 'एव्हरीव्हेअर'. बोगदा चालू आहे तोवर तो प्रिंटर चालतो. बंद केला की पाठवलेली कामे रांगेत थांबून राहतात. मात्र बोगदा उघडा असताना त्याच संगणकावर बसलेला दुसरा कोणीही तुमच्या घरी छापू शकतो. एका माजी विद्यार्थ्याच्या घरी असा सातवीच्या मुलांनी पाठवलेला क्रिकेटपटूंचा रंगीत फोटो निघाला आणि शाई संपली. काम झाले की बोगदा बंद करावा. वारंवार लागणार असेल तर एक्सटूगो पाहावा; त्यात छपाई मुळातच धरलेली आहे आणि मजकूर पीडीएफ होऊन आपोआप घरच्या संगणकावर येतो.

वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका बाईंनी या सोयीने केल्या. पाचवी ते दहावी, एकूण सहा, सगळ्या त्यांच्याच टेबलावर निघाल्या आणि लाखेचे लिफाफे करून त्यांनी मुलाच्या हाती मुख्याध्यापकांकडे पोचवल्या. नववीच्या पानावर एका ठिकाणी टोनर फिका उमटला आहे अशी त्यांची तक्रार आहे. त्यासाठी येत्या शनिवारी जायचे आहे. कोणाला घरची जोडणी लावून हवी असेल तर शनिवारी दुपारी दोनपर्यंत मी संगणक-कक्षात असतो. येताना प्रिंटरच्या पाठीवरचे पूर्ण नाव लिहून आणावे.